पुणे ते बेंगळुरू घर हलवायचंय, एकाच सामानाला १९ हजार, ३४ हजार आणि ५२ हजार?

जास्वंद · ४ मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. माझी बदली बेंगळुरूला झालीय, जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय, आई माझ्याबरोबर येणार आहे म्हणजे पूर्ण घरच हलवायचंय. वारज्यात टू बीएचके आहे, तिसरा मजला, लिफ्ट आहे. सामान असं: फ्रीज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, ४३ इंची टीव्ही, एक डबल बेड (खाली स्टोरेजवाला), एक दिवाण, सोफा ३+१, चार खुर्च्यांचं डायनिंग, दोन लोखंडी कपाटं, आईचं शिलाई मशीन, पुस्तकं भरपूर, स्वयंपाकघर, आणि एक स्कूटर.

तीन ठिकाणी विचारलं. एकाने फोनवरच "सगळं धरून १९,५०० मॅडम, आजच टोकन टाका" म्हणून सांगितलं. दुसरे घरी येऊन बघून गेले, ३४,००० अधिक जीएसटी, स्कूटर वेगळी. तिसरी मोठी कंपनी, त्यांचा माणूस टॅब घेऊन आला, प्रत्येक वस्तू मोजली आणि ५२,००० सांगितले. सामान तेच, रस्ता तोच, तर एवढा फरक कसा काय? १९ वाला खोटं बोलतोय की ५२ वाला लुटतोय हेच कळेना. आणि एका वेबसाइटवर नंबर टाकला तेव्हापासून दिवसाला वीस-पंचवीस फोन येताहेत, ऑफिसात मीटिंगमध्ये फोन बंद ठेवावा लागतो.

ज्यांनी नुकतंच हलवलंय त्यांनी खरे आकडे सांगा प्लीज.

---

मुळाकाठ · ४ मे, रात्री ११:२०

मी मागच्या वर्षी पुणे-हैदराबाद केलं, वन बीएचके, २६ हजार पडले सगळे मिळून. त्या वेबसाइटवाल्या फोनांना उत्तरच देऊ नका, तुमचा नंबर एकदम दहा-बारा जणांना जातो.

---

घाटरस्ता · ५ मे, सकाळी ७:१५

ताई, मी अकरा वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये काढलीत, आता सोडलं, पण हिशोब अजून तोंडपाठ आहे, तो तुमच्यापुढे मांडतो, मग तुम्हीच ठरवा.

वारजे ते बेंगळुरू साधारण ८४० किलोमीटर. तुमच्या सामानाला १४ फुटी गाडी लागेल, थोडं जास्त निघालं तर १७ फुटी. १४ फुटी गाडी भरल्यावर लिटरला आठ किलोमीटर धरा, म्हणजे १०५ लिटर डिझेल, नव्वदच्या आसपासचा भाव धरला तर साडेनऊ हजार इथेच गेले. टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता मिळून चार-पाच हजार. गाडीचा हप्ता, टायर, इन्शुरन्स, आणि बेंगळुरूहून परतीचा माल मिळेपर्यंत गाडी तिथे उभी राहणार ते दिवस, हे सगळं भाड्यात येतं. म्हणून पूर्ण गाडीचं नुसतं भाडंच वीस-बावीसच्या घरात जातं. त्यावर पॅकिंगला चार माणसं दिवसभर, तिकडे उतरवायला परत तीन-चार माणसं, खोकी, बबल रॅप, कोरुगेटेड रोल, टेप यांचे पाच-सहा हजार. आता सांगा, १९,५०० मध्ये "सगळं धरून" कसं बसेल?

बसत नाही. मग एक तर तुमचं सामान शेअरिंगमध्ये जाणार, म्हणजे पाच घरांचं सामान एका मोठ्या गाडीत, वाटेत गोडाऊनला उतरवून पुन्हा चढवलेलं, आठ-दहा दिवसांनी पोचणार. शेअरिंग वाईट नाही, तसं आधी स्पष्ट सांगून केलं तर ठीकच आहे. नाहीतर दुसरं, सामान गाडीत चढलं की भाव वाढणार. हा दुसरा प्रकार फार आहे.

५२ वाल्याकडे बहुतेक बंद कंटेनर, स्वतंत्र गाडी आणि त्यांच्या ऑफिसचा खर्च. लूट म्हणणार नाही, पण घासाघीस होते.

आणि एक मुख्य गोष्ट, जी कोणी गिऱ्हाइकाला सांगत नाही: घरसामानाचं भाडं वजनावर नसतं, जागेवर असतं. १४ फुटी गाडीचा हौदा साधारण १४ × ६ × ६, म्हणजे पाचशे घनफूट. घरसामान वजनाने ती गाडी कधीच भरत नाही, जागेने भरते. एक लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल धरलं तर तीस घनफूट खातं. सोफा त्याच्या दुप्पट खातो आणि त्याच्यावर काही रचताही येत नाही. म्हणून भाव कमी करायचा तर माणसाशी हुज्जत घालण्याआधी हौदा रिकामा करा.

---

जास्वंद · ५ मे, सकाळी ९:०५

दादा, हे इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. मी उलटंच धरून बसले होते. आईचा पाटा-वरवंटा आणि ते बिडाचं शिलाई मशीन जड म्हणून इथेच द्यायचं ठरवलं होतं, आई दोन दिवस गप्प आहे त्यावरून. आणि सोफा "हलका" म्हणून न्यायचा होता!

---

घाटरस्ता · ५ मे, सकाळी ९:३०

पाटा न्या ताई. बेडच्या फळ्यांच्या बाजूला तळाशी आडवा टाकला की त्याची जागा कोणी मोजतही नाही. मशीनचं डोकं टेबलापासून सोडवून वेगळ्या खोक्यात भरायला सांगा, पट्टा काढून ठेवा. सोफा विका.

---

संत्र्याची_फोड · ५ मे, दुपारी १:४०

बाप्पा, १९ हजारवाल्याच्या नादी लागू नका, माझं ऐका. दोन वर्षांआधी नागपूरहून पुण्याला आलो आम्ही. १६ हजार सांगतले, ५ हजार अ‍ॅडव्हान्स घेतला, पोरं आली, धडाधड सामान भरलं, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच नंबरवरून फोन, "सामान सांगितल्यापेक्षा जास्त आहे, १४ हजार अजून टाका, नाही तर गोडाऊनला उतरवतो, रोजचं पाचशे भाडं लागन". बायको, दीड वर्षाचं लेकरू, रिकामा फ्लॅट, पांघरायला चादर नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर ते म्हणे पावती दाखवा, बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची माल नेण्याची पावती) दाखवा. माझ्याजवळ काय होतं, एक व्हिजिटिंग कार्ड! कार्डावरचा पत्ता पाहाले मित्र गेला तर तिथं झेरॉक्सचं दुकान. शेवटी ९ हजार देऊन सामान सोडवलं. त्यात मिक्सर आणि लेकराची सायकल नव्हतीच.

पैशापेक्षा ते चार दिवस जे गेले न, ते आठवले की अजूनही जीव घाबरते. म्हणून सांगून राह्यलो, वस्तूंची यादी दोघांच्या सहीची पाहिजे म्हणजे पाहिजे.

---

मुळाकाठ · ५ मे, दुपारी २:१०

वाचून वाईट वाटलं राव. लेकरू घेऊन रिकाम्या घरात...

---

बदलीवाली · ५ मे, संध्याकाळी ६:३०

बँकेत आहे, २२ वर्षांत सात बदल्या झाल्या, परभणी, रत्नागिरी, भोपाळ, सगळं पाहिलंय. आमच्याकडे बदलीचं बिल पास व्हायला आयबीए मान्यताप्राप्त ट्रान्सपोर्टरचंच बिल लागतं. आयबीए म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन, त्यांची मान्यताप्राप्त ट्रान्सपोर्टरची यादी असते आणि ती मान्यता ठराविक मुदतीची असते. "आयबीए अप्रूव्हड" असं कार्डावर कुणीही छापून घेतं. यादीत नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय का आणि मुदत संपली नाही ना, दोन्ही बघ. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून धंदा करणारे खूप आहेत.

जीएसटी नंबर माग आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघ, लॉगिन लागत नाही. १५ अक्षरांचा नंबर, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकचे २९. पोर्टलवर कायदेशीर नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झालीय ते कळतं. मी एकदा पाहिलं तर नंबर भलत्याच धंद्याचा निघाला, तिथेच फोन ठेवला.

आणि तुझ्या कंपनीकडून बदलीचा खर्च मिळतोय का? मिळत असेल तर बिल कसं हवं ते एचआरला आधी विचार, नंतर रडून उपयोग नसतो.

---

जास्वंद · ५ मे, रात्री ९:००

कंपनी ३० हजारांपर्यंत देते, जीएसटी बिल हवं. १९ वाल्याला आत्ता जीएसटी नंबर विचारला, "बिल हवं असेल तर १८ टक्के वेगळे" म्हणाला आणि नंबर काही दिला नाही. त्याला नाही सांगितलं.

---

भाजीमंडई · ६ मे, सकाळी ८:२०

एवढा खर्च कशाला करताय? मार्केट यार्डात जा, कर्नाटकातून माल घेऊन आलेल्या गाड्या रिकाम्या परत जातात, रिटर्न गाडी १३-१४ हजारात मिळते. खोकी रद्दीवाल्याकडून घ्या, काचेच्या भांड्यांना जुन्या साड्या आणि गोधड्या गुंडाळा, हमाल नाक्यावरून आणा. आम्ही हुबळीला असंच गेलो, २० हजारांत काम झालं, एक कप फुटला नाही.

---

घाटरस्ता · ६ मे, सकाळी ८:५५

रिटर्न गाडी स्वस्त हे खरंय, मी स्वतः दिल्यात. पण तुम्ही घरात चार हात असाल, दादा. ताई आणि त्यांची आई. बेड सोडवणार कोण, गाडीत थर लावणार कोण, फ्रीजला दोर कुठून बांधायचा हे नाक्यावरच्या माणसाला ठाऊक नसतं. आणि तिकडे उतरवायला माणसं तुम्हालाच शोधावी लागतात, भाषा येत नसताना.

---

भाजीमंडई · ६ मे, सकाळी ९:१०

ते मान्य. आम्ही तिघे भाऊ होतो. पण गोधड्यांचं माझं म्हणणं कायम आहे, त्या न्यायच्याच आहेत तर त्यांचंच पॅकिंग करा, बबल रॅपचे पैसे वाचतात.

---

कुंदानगरी · ६ मे, दुपारी १२:३०

मी बेळगावचा, नऊ वर्षं बेंगळुरूत. इकडच्या दोन गोष्टी सांगतो ज्या पुण्यातला माणूस कोटेशनमध्ये लिहीत नाही.

एक, मोठ्या गाड्यांना शहरात दिवसाच्या गर्दीच्या वेळी बंदी असते, आणि गल्ल्या अरुंद, वर केबलींचं जाळं. मग मोठी गाडी बाहेर थांबते आणि छोट्या टेंपोने दोन-तीन फेऱ्या होतात. त्याला हे लोक शटलिंग म्हणतात आणि जागेवर पोचल्यावर पैसे मागतात. तुमच्या नव्या घराच्या दारापर्यंत १४ फुटी येते का ते घरमालकाला विचारून रस्त्याचा फोटो मागवा, आणि शटलिंगचा दर आधीच लिहून घ्या.

दुसरं, अपार्टमेंटवाले मूव्ह-इनचे पैसे घेतात, फॉर्म भरायला लावतात, आणि पुष्कळ ठिकाणी रविवारी सामान चढवू देत नाहीत. गाडी शनिवारी रात्री पोचली तर सोमवारपर्यंत थांबणार आणि त्याचं थांबण्याचं भाडं तुमच्या माथी. गाडी मंगळवार-बुधवारी पोचेल असं बघा.

---

तळटीप · ६ मे, संध्याकाळी ७:४५

ग्राहक संघटनेत स्वयंसेवक म्हणून काम करतो, म्हणून कागदांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक नेमके इथे फसतात.

वाटेत ड्रायव्हर फोन करून "बॉर्डरवर ई-वे बिल नाही म्हणून गाडी अडवली, टॅक्स भरा" म्हणाला तर पैसे पाठवू नका. ई-वे बिल म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद; वापरलेल्या घरगुती सामानाला त्याची गरज नाही, नियमातच सूट आहे. कोटेशनमध्ये "ऑक्ट्रॉय" लिहिलं असेल तर तेही खोडायला लावा, जकात २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मुंबईतूनही गेली, बाकी महाराष्ट्रातून त्याआधीच गेली होती.

इन्शुरन्सचं नीट समजून घ्या. कोटेशनमध्ये "एफओव्ही ३ टक्के" असं असतं. ते सामानाच्या किमतीवर लावलेलं, ट्रान्सपोर्टरने स्वतः घेतलेल्या जोखमीचं शुल्क आहे, विमा कंपनीची पॉलिसी नाही. सामान फुटलं तर भरपाई तोच ठरवणार. पैसे द्यायचेच तर विमा कंपनीचं सर्टिफिकेट मागा, त्यावर तुमचं नाव, सामानाची किंमत, कुठून कुठे आणि गाडी नंबर पाहिजे.

बिल्टी घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ प्रमाणे सामान हरवलं किंवा खराब झालं तर दावा लावण्याआधी ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस द्यावी लागते, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. फोनवर भांडत सहा महिने गेले की हातातली संधी जाते, असे दोन जण मी पाहिलेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे बेंगळुरूला गेल्यावर तिथूनही.

सामान उतरल्यावर डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी जे फुटलंय ते त्याच कागदावर लिहा. "सामान चांगल्या स्थितीत मिळालं" यावर सही केली की पुढचं सगळं अवघड होतं.

---

संत्र्याची_फोड · ६ मे, रात्री ८:३०

हे मले दोन वर्षांआधी वाचाले मिळालं असतं तर.

---

जास्वंद · ७ मे, रात्री ११:१५

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. आज मापाची टेप घेऊन घरभर फिरले. सोफा, दिवाण आणि एक कपाट काढायचं ठरवलं. स्कूटरचं काय करावं? मूव्हर्सवाले साडेसहा हजार सांगताहेत.

---

बदलीवाली · ८ मे, सकाळी ७:००

स्कूटर रेल्वेने टाक. पुण्याहून उद्यान एक्सप्रेस बेंगळुरूला जाते. पार्सल ऑफिसला आरसी बुक आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते, पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, पॅकिंग करणारे स्टेशनजवळच असतात, गोणपाट लावून देतात. आरसे काढून घरी घेऊन ये. तिकडे पोचली की लगेच सोडव, उशीर झाला की तासावर दंड लागतो.

गॅसचंही आत्ताच कर. सिलिंडर गाडीत द्यायचा नसतो, एजन्सीला सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घे.

---

कुंदानगरी · ८ मे, सकाळी १०:१०

स्कूटर इकडे वर्षाच्या वर ठेवणार असाल तर कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो, पुण्याच्या आरटीओकडून एनओसी लागते. जुनी स्कूटर असेल तर विकून इकडे घेणं परवडतं का तेही बघा.

---

मुळाकाठ · ८ मे, दुपारी ३:००

फ्रंट लोड मशीनच्या ड्रमला मागून ट्रान्झिट बोल्ट लावायला विसरू नका हां. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून ते असतात, नवीन मशीन बसवताना काढून पिशवीत दिलेले असतात. आमचे सापडले नाहीत, तसंच पाठवलं आणि ड्रमचं सस्पेन्शन गेलं, ५,२०० चा फटका. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा करा, उभाच न्या, पोचल्यावर काही तास तसाच राहू द्या.

---

जास्वंद · १४ जून, रात्री १०:३०

पोचलो! धाग्यावर मदत घेऊन गप्प बसायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून पूर्ण हिशोब देते.

३४ हजारवाल्यांना मापांसकट नवीन यादी पाठवली. सोफा, दिवाण, कपाट आणि स्कूटर नाही म्हटल्यावर ते स्वतःच २८,५०० वर आले, मला घासाघीसही करावी लागली नाही. ५२ वाल्यांनाही तीच यादी दिली, ते ४४ पर्यंत आले, पण माझ्या आवाक्याबाहेर होतं.

मूव्हर्स २८,५००
जीएसटी १८ टक्के ५,१३०
विमा कंपनीची पॉलिसी, अडीच लाखांवर, करासहित ४,४२५
स्कूटर रेल्वेने, पॅकिंग धरून २,९००
बेंगळुरूत शटलिंग २,५०० (आधी लिहून घेतलं होतं, तेवढेच घेतले)
दोन्हीकडच्या सोसायट्या मिळून ३,०००
माणसांचं जेवण-चहा ६००
मशीन जोडायला प्लंबर ४५०

एकूण ४७,५०५. सोफ्याचे ४,५०० आले ते वजा केले तर ४३,००५. म्हणजे कोटेशन २८ चं आणि हातातून गेले त्रेचाळीस. कंपनीचे ३० मिळाले, १३ माझे. कुणी नुसतं कोटेशन बघून बजेट करत असेल तर दीडपट धरा, मी मे महिन्यात ते धरलं नव्हतं म्हणून एफडी मोडावी लागली.

कुठे अडलं ते पण सांगते. गाडी सोमवारी निघाली, बुधवारी यायची ती गुरुवारी दुपारी आली. कोल्हापूरला अजून कुणाचं तरी सामान घेतलं होतं, स्वतंत्र गाडी ठरलेली असताना. चिडून फोन केला, थांबण्याचे पैसे मागणार होते ते सोडून दिले. आणि शिलाई मशीनच्या टेबलाची फळी एका कोपऱ्यात चिरली. तळटीप यांनी सांगितलं होतं तसं सही करण्याआधी कागदावर लिहिलं, सुपरवायझर "मॅडम नंतर बघू" म्हणत होता, मी पेन सोडलं नाही. विमावाल्यांनी तो कागद आणि फोटो मागितले, १,६०० मंजूर झाले.

मशीनचं डोकं अगदी ठणठणीत आहे. आईने काल पडदे आखूड करायला घेतले, आणि परवा पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटली.

---

घाटरस्ता · १५ जून, सकाळी ६:५०

वा ताई, जीव भांड्यात पडला. कोल्हापूरचा प्रकार चुकीचाच केला त्यांनी, सील लावून घेतलं असतंत तर कळलं असतं. आईंना नमस्कार सांगा.

---

केळीचा_घड · १५ जून, दुपारी १२:२०

मी जळगावचा, पुढच्या महिन्यात अहमदाबादला चाललोय. तुमची ती मापांची यादी इथे टाकता येईल का? कशी लिहायची तेच कळत नाहीये. आणि सील म्हणजे काय?

---

घाटरस्ता · १५ जून, दुपारी १:००

बंद गाडीच्या दाराला नंबरचं प्लास्टिक सील लावतात. गाडी निघताना तो नंबर बिल्टीवर लिहून घ्यायचा, फोटो काढायचा, पोचल्यावर तोच नंबर आहे का बघायचं. मागितल्याशिवाय लावत नाहीत.

---

जास्वंद · १५ जून, रात्री ९:४०

यादी वहीत लिहिलीय, उद्या टाईप करून टाकते. चार रकाने आहेत: वस्तू, लांबी-रुंदी-उंची, आधीच असलेला ओरखडा किंवा पोचा, आणि आत्ता घेतली तर किती पडेल ती किंमत. तिसरा रकाना भरायला आळस करू नका, फोटोही तारखेसकट काढा. आणि पुस्तकांना मोठी खोकी घेऊ नका, आमची दोन तळातून फाटली, छोटी घ्या.